वाचकांचे प्रश्न : कोरियन वर्गात इंग्रजी अभिवादन शिकवताना

दक्षिण कोरियातील शाळांमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या, किंवा तिकडे जाण्याच्या तयारीत असलेल्या काही वाचकांची पत्रे अलीकडे आली आहेत. प्रत्येकाची अडचण वेगळी असली तरी मुलांना इंग्रजीतून एकमेकांना भेटायला कसे शिकवावे, हा प्रश्न सर्वांचाच आहे. म्हणून ती पत्रे आणि त्यांची उत्तरे या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मार्चपासून मी देगू शहरातील एका सरकारी प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गांना इंग्रजी शिकवण्यात साहाय्य करते. तासाच्या सुरुवातीला मी ‘हाउ आर यू?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ म्हणतो. परवा एका मुलाच्या अंगात ताप होता, डोके बाकावर टेकलेले होते, तरी तोही हेच म्हणाला. शिवाय ‘हॅलो’ म्हणताना मुले कमरेतून वाकतात, ते थांबवावे का? मुख्य कोरियन शिक्षिकांचे म्हणणे असे की पाठ्यपुस्तकात आहे तेवढे नीट आले म्हणजे पुरे. मला मात्र ही घोकंपट्टी वाटते. काय करावे?
— एक शिक्षिका, देगू

उत्तर : ताप आलेल्या त्या मुलाने आपल्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही, त्याने तास सुरू होण्याचा विधी पार पाडला. कोरियन वर्गात शिक्षक आल्यावर वर्गप्रमुखाने, म्हणजे ‘बान्जांग’ने, ‘छार्यत’ म्हणून सर्वांना सावध करायचे, ‘क्यंगन्ये’ म्हणताच सर्वांनी वाकून वंदन करायचे आणि एका आवाजात ‘आन्न्यंग हासेयो’ म्हणायचे, ही पद्धत फार जुनी आहे. आज ती सर्वच वर्गांत तशीच पाळली जाते असे नाही, पण सर्वांनी मिळून, एका दमात, शिक्षकांकडे तोंड करून अभिवादन करायचे असते, हे मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. आपला ‘हाउ आर यू?’ त्यांच्या मनात नेमका त्या जागी जाऊन बसला आहे. रोजच्या कोरियन अभिवादनात समोरच्याची खुशाली विचारून उत्तराची वाट पाहण्याची पद्धतही नाही. ‘आन्न्यंग हासेयो’ला ‘आन्न्यंग हासेयो’ हेच उत्तर असते, आणि खुशाली विचारली जाते ती बऱ्याच दिवसांनी गाठ पडली तर. सकाळी पाहिलेल्या बाई दुपारी पुन्हा ‘कसे आहात’ म्हणून विचारतात, याचे मुलांना नवल वाटत असणार, फक्त ते बोलून दाखवण्याइतके इंग्रजी त्यांच्याकडे नाही.

आपल्या हातात वेळ किती आहे, तेही पाहिले पाहिजे. कोरियातील प्राथमिक शाळांत १९९७ पासून तिसरीपासून इंग्रजी हा नियमित विषय आहे. तिसरी-चौथीला आठवड्याला दोन आणि पाचवी-सहावीला तीन तास असतात आणि प्राथमिक शाळेतील तास चाळीस मिनिटांचा असतो. म्हणजे तिसरीतल्या मुलाची आणि आपली गाठ आठवड्यात ऐंशी मिनिटेच पडते. त्यातही वर्गातील काही मुले खासगी शिकवणीला, म्हणजे ‘हागवन’ला, कधीपासून जात असतात आणि त्यांना तिथे एखादे इंग्रजी नावही मिळालेले असते, तर शेजारच्या बाकावरील मूल इंग्रजी अक्षरे पहिल्यांदाच पाहत असते. पाठ्यपुस्तकातील पहिला धडा ‘हॅलो, आय ॲम अमुक’ या वळणाचा असतो; पहिल्या मुलाला तो फार सोपा आणि दुसऱ्याला धडकी भरवणारा. एका सुरात म्हटलेले वाक्य या दोघांनाही सोयीचे पडते, कारण हुशार मुलाला त्यात डोके चालवावे लागत नाही आणि बुजऱ्या मुलाला त्याच्या आडोशाला लपता येते. म्हणून ते वाक्य तडकाफडकी बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बंद केले तर हुशार मुले दुसरे वाक्य पाठ करतील आणि बुजरी मुले गप्प होतील.

ते वाक्य असू द्यावे आणि त्याच्या शेजारी दुसरी उत्तरे ठेवावीत. ‘हंग्री’, ‘स्लीपी’, ‘टायर्ड’, ‘सिक’, ‘ग्रेट’ एवढे शब्द चेहऱ्यांच्या चित्रांसह फळ्याच्या कडेला कायमचे लावावेत आणि प्रश्न संपूर्ण वर्गाला न विचारता दारात उभे राहून आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारावा. मूल ‘फाइन’ म्हणाले तरी हरकत नाही. पण ‘स्लीपी’ म्हणाले तर आपण तिथेच थांबून ‘मी टू’ म्हणावे, जांभई द्यावी, आणि मगच पुढच्या मुलाकडे वळावे. सारे मर्म या थांबण्यात आहे. आपण जे बोललो त्यामुळे समोरच्या माणसाच्या वागण्यात काहीतरी फरक पडला, हे मुलाने पाहिले की त्याला तो प्रश्न खरा वाटू लागतो. जेवणाच्या सुट्टीआधीच्या तासाला अर्धा वर्ग ‘हंग्री’ म्हणेल आणि त्या दिवशी जेवणात काय आहे ते सांगायला मुले उतावीळ होतील, कारण शाळेच्या जेवणाचा महिनाभराचा तक्ता बऱ्याच वर्गांत लावलेला असतो आणि मुलांना तो पाठ असतो. तिथे व्याकरण दुरुस्त करत बसू नये. ‘सो सो’ हेही तिकडच्या मुलांचे आवडते उत्तर आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोक ते फारसे वापरत नाहीत, पण त्यावर लाल शाई ओढण्याचे मला कारण दिसत नाही.

लाल शाईवरून आठवले. पहिल्या आठवड्यात मुलांच्या नावाच्या पट्ट्या करून घेतल्या तर कोणाचेही नाव लाल रंगात लिहू नये. जिवंत माणसाचे नाव लाल शाईने लिहिणे कोरियात अशुभ मानतात. आपल्या मनात काही नसले तरी मुले चपापतात. नावे मात्र अवश्य शिकावीत, आणि हागवनमध्ये मिळालेल्या इंग्रजी नावापेक्षा ‘हॅलो, मिन्जून’ असे त्याच्या खऱ्या नावानेच म्हणावे. आडनावाने हाक मारण्याच्या फंदात तर पडूच नये, कारण किम, ई आणि पाक ही तीन आडनावे इतकी आहेत की अर्धा वर्ग मागे वळून पाहील.

आता वाकण्याविषयी. ते मुळीच थांबवू नये. कोरियन मूल बालवाडीत असल्यापासून दोन्ही हात बेंबीवर ठेवून वाकायला शिकते. या अभिवादनाला तिकडे ‘बेक्कोप इन्सा’, म्हणजे बेंबीचे वंदन, असेच म्हणतात. मोठ्यांसमोर ताठ उभे राहून नुसते ‘हॅलो’ म्हणणे म्हणजे उद्धटपणा, हे त्याच्या घरातले आणि शाळेतले सर्वांचेच मत असते. आपण वाकू नको म्हणून सांगितले तर ते मूल आपल्या तासाला इंग्रजी पद्धतीने वागेल आणि त्याच तोऱ्यात मुख्याध्यापकांसमोर गेले तर बोलणी खाईल. आपणही मान लववून उत्तर द्यावे. हात हलवणे, टाळी देणे, हस्तांदोलन करणे या गोष्टी मुलांनी मुलांशी बोलताना शिकवाव्यात. तिथे त्या शोभतात आणि मुलांना आवडतातही. हस्तांदोलन शिकवताना मूल उजवा हात पुढे करून डावा हात आपल्या उजव्या मनगटापाशी किंवा कोपरापाशी धरेल. तोही आदरच आहे, त्याला हात लावू नये.

राहिल्या मुख्य शिक्षिका. वर्गाची जबाबदारी त्यांची आहे आणि वर्षाअखेर पालकांना उत्तर त्यांनाच द्यायचे असते, तेव्हा पाठ्यपुस्तक बाजूला ठेवण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे मांडूच नये. दारातील अभिवादनाला तासातील वेळ लागत नाही, एवढे सांगितले तरी पुष्कळ. शिवाय दोन मोठी माणसे वर्गात असणे ही संवाद दाखवण्याची केवढी मोठी सोय आहे! त्यांनी आपल्याला ‘हाउ आर यू टुडे?’ विचारावे, आपण ‘नॉट सो गुड’ म्हणावे, त्यांनी ‘व्हाय?’ म्हणावे. मुले आपल्या शिक्षिकेला इंग्रजीत काळजी करताना पाहतील. मात्र हे आधी त्यांच्याशी ठरवून करावे. मुलांसमोर त्यांना अचानक इंग्रजीत प्रश्न टाकून अडचणीत आणू नये. ज्येष्ठ शिक्षकांना ते फार लागते.

प्रश्न : मी इंग्रजीची प्रशिक्षित शिक्षिका आहे आणि कोरियातील शाळेसाठी अर्ज करण्याच्या विचारात आहे. भारतीय उच्चारांनी अभिवादन शिकवले तर चालेल का? आणि तिकडची मुले ‘फाइन’ला ‘पाइन’ का म्हणतात?
— एक वाचक

उत्तर : आधी अर्जाविषयी दोन वाक्ये. सरकारी शाळांत परदेशी शिक्षक नेमणारी ‘एपिक’ योजना १९९५ पासून चालू आहे आणि तिचा, तसेच इंग्रजी शिक्षकांच्या ई-२ व्हिसाचा, मुख्य भर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांवर आहे. भारतीयांसाठी वाट आहे ती १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया सर्वंकष आर्थिक भागीदारी करारामुळे, आणि तीही साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून; अध्यापनाची रीतसर पात्रता लागते, तेव्हा कागदपत्रांची यादी वकिलातीकडूनच घ्यावी.

उच्चारांविषयी मात्र सविस्तर लिहिण्यासारखे आहे. कोरियन भाषेच्या हांगुल लिपीत इंग्रजी ‘फ’ या दंतोष्ठ्य, म्हणजे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून काढायच्या, ध्वनीसाठी अक्षर नाही, तसेच ‘व्ही’, ‘झेड’ आणि ‘थँक’मधील पहिला ध्वनी यांच्यासाठीही नाही. ‘फाइन’ लिहिताना कोरियन माणूस जे अक्षर वापरतो त्याचा उच्चार आपल्या ‘फळ’ आणि ‘फूल’मधील मूळ ‘फ’सारखा, म्हणजे दोन्ही ओठ मिटून हवा सोडून केलेला, होतो. मराठी शिक्षिकेने इथे सावध राहावे, कारण आपल्यापैकी पुष्कळजण ‘फाइन’ म्हणताना तोच उच्चार करतात आणि मग मुलांना आपला आणि त्यांचा उच्चार सारखाच ऐकू येतो. ‘थँक यू’चेही तसेच: आपला ‘थ’ दातांमागे जीभ टेकवून झटक्याने सुटतो, इंग्रजीतला हवा घासत जातो, आणि कोरियन मूल त्याच्या जागी ‘स’ किंवा ‘त’च्या जवळचा ध्वनी घालते. ‘फाइन’ शिकवताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायला सांगावे आणि तोंडासमोर कागदाची पट्टी धरावी. ‘पाइन’ म्हटले की पट्टी एकदम उडते, ‘फाइन’ म्हटले की ती नुसती थरथरत राहते. मुलांना हा खेळ एवढा आवडतो की पट्ट्या जपून ठेवाव्या लागतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कोरियन भाषेत शब्दाच्या शेवटी फार थोडी व्यंजने येतात, त्यामुळे ‘नाइस’च्या अखेरीस एक पुसट स्वर चिकटतो आणि एका ठोक्याचा शब्द ‘ना-इ-स’ असा तीन ठोक्यांचा होतो. ‘गुड मॉर्निंग’चे ‘गुन मोनिंग’ होते, कारण कोरियन बोलण्यात शेवटचे ‘ड’सारखे व्यंजन ‘म’च्या आधी आले की ते अनुनासिक होते. मूल आपल्या भाषेचा नियम चोख पाळत असते, त्याला निष्काळजी म्हणता येणार नाही. यावर पुन्हा पुन्हा ‘रिपीट’ म्हणण्यापेक्षा टाळी उपयोगी पडते: ‘नाइस’ला एक टाळी, ‘नाइस टू मीट यू’ला चार. टाळ्या चारच पडल्या पाहिजेत म्हटले की जादा स्वर आपोआप गळतात. आणि मुले इंग्रजी वाक्याखाली हांगुलमध्ये उच्चार लिहून घेतात ते पहिल्या तासापासून टाळावे. एकदा ‘पाइन’ लिहिले गेले की ते आयुष्यभर ‘पाइन’च राहते.

भारतीय उच्चारांची काळजी करण्याचे कारण नाही, पण पाठ्यपुस्तकाबरोबरच्या ध्वनिफितीत अमेरिकी वळणाचे उच्चार असतात आणि मुलांचा कान त्यालाच सरावलेला असतो. आपण अमेरिकी लकब उसनी आणू नये. वेग कमी ठेवावा आणि जोर कुठे द्यायचा ते सांभाळावे. ‘हॅलो’त जोर दुसऱ्या अक्षरावर आहे, पहिल्यावर नाही, असल्या बारकाव्यांनी बोलणे सहज कळते.

प्रश्न : ओळख होताच मुले ‘हाउ ओल्ड आर यू?’ असे विचारतात. हा उद्धटपणा समजून त्यांना टोकावे का? आणि माझे नाव सांगूनही ती नुसते ‘टीचर, टीचर’ अशीच हाक मारतात.
— एक शिक्षक, जॉन्जू

उत्तर : टोकू नये. कोरियन भाषेत समोरचा माणूस आपल्यापेक्षा मोठा की लहान हे कळल्याशिवाय क्रियापदाचा शेवट कसा करायचा हेच ठरत नाही, आणि एका वर्षाने मोठा असलेला मुलगाही मुलासाठी ‘ह्यंग’ आणि मुलीसाठी ‘ओप्पा’, म्हणजे दादा, होतो. त्यामुळे वय विचारणे ही तिकडे ओळखीची पहिली पायरी आहे. वय मोजण्याची पद्धतही मुलांच्या आवडीचा विषय आहे: जन्मताच एक वर्षाचे आणि दर नववर्षाला आणखी एक, ही जुनी रीत कायद्याच्या कामकाजातून २८ जून २०२३ रोजी गेली, पण बोलण्यात ती अजून टिकून आहे. आपल्याला सांगायचे असेल तर सांगावे, नसेल तर फळ्यावर तीन आकडे लिहून ओळखायला लावावे. नंतर केव्हातरी, वेगळ्या तासाला, इंग्रजी बोलणारी अनोळखी मोठी माणसे भेटली तर आधी नाव आणि गाव विचारावे, एवढे सांगितले म्हणजे झाले.

‘टीचर’ ही हाक त्यांच्या ‘सन्सेंगनिम’चा, म्हणजे शिक्षकांना आदराने मारायच्या हाकेचा, थेट अवतार आहे. शिक्षकांना नुसत्या नावाने हाक मारणे त्यांच्या जिभेवर येणारच नाही आणि आपणही तसा आग्रह धरू नये. नावापुढे ‘टीचर’ जोडून घ्यावे. इंग्रजीत ते रुळलेले नाही हे खरे, पण शाळेच्या आवारात त्याने कोणाचेही काही बिघडत नाही.

प्रश्न : सहावीच्या मुलांना ‘हॅलो’ आणि ‘हाउ आर यू’ बालिश वाटते. खेळ घेतला तर धुडगूस घालतात, नाही घेतला तर तोंड उघडत नाहीत.
— एक साहाय्यक शिक्षक, गांगवॉन प्रांत

उत्तर : सहावीच्या मुलांना आपण तिसरीचेच ‘हॅलो’ शिकवतो आहोत, असे तर होत नाही ना, हे आधी पाहावे. या वयाच्या मुलांना कोणाशी कसे बोलायचे याची जाण मोठ्यांहून तीक्ष्ण असते, तिचाच उपयोग करावा. त्यांना माणसे द्यावीत: मुख्याध्यापक, वर्गमित्र, पाचवीतला ओळखीचा मुलगा, विमानतळावर उतरलेले परदेशी आजोबा. यांपैकी कोणाला ‘हे’, कोणाला ‘हाय’ आणि कोणाला ‘गुड आफ्टरनून’ म्हणायचे, आणि पहिल्यांदा कोणी बोलायचे, यावर वाद घालू द्यावा. तिकडे धाकट्याने आधी वंदन करायचे असते, मोठा नंतर मान हलवतो. इंग्रजीत मोठ्याने आधी ‘हाय’ म्हटले तरी त्याचा मान कमी होत नाही, हे मुलांना विचित्र आणि थोडे गमतीचे वाटते, आणि मग ती बोलू लागतात. दुपारच्या तासाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणण्याची सवयही इथेच सुटते, कारण ‘आन्न्यंग हासेयो’ला सकाळ-दुपार नसते आणि घड्याळ पाहून अभिवादन बदलायचे, हे त्यांना कोणी मुद्दाम सांगितलेले नसते. ‘नाइस टू मीट यू’ फक्त पहिल्या भेटीत आणि पुढे ‘नाइस टू सी यू’, हेही याच ओघात सांगावे.

खेळ घ्यायचाच तर ‘कावी बावी बो’ घ्यावा. कात्री, दगड, कागद हा खेळ कोरियन मुले कोणतीही गोष्ट ठरवण्यासाठी दिवसभर खेळत असतात, तो समजावून सांगावा लागत नाही. वर्गभर फिरायचे, जो भेटेल त्याच्याशी अभिवादनाची देवाणघेवाण करायची, मग डाव टाकायचा, असा तो प्रचारात आहे. पण त्यात एक खोट आहे: डावाच्या घाईत अभिवादनाचा पार चुरा होतो. दोन मुले एकमेकांकडे न पाहता ‘हायफाइन’ असा एकच शब्द फेकतात आणि मुठी पुढे करतात. म्हणून गुण डावाला न देता उत्तराला द्यावेत. खेळ संपल्यावर कोणालाही उभे करून ‘हाउ इज जीऊ टुडे?’ असे विचारावे. जीऊ ‘टायर्ड’ आहे हे सांगता आले तर गुण, नाही तर डाव जिंकूनही शून्य. पहिल्या फेरीत बहुतेकांना शून्य मिळते आणि दुसऱ्या फेरीत वर्गातील आवाज निम्म्यावर येतो, कारण आता ऐकावे लागते.

निरोपासाठी शेवटची पाच मिनिटे राखून ठेवावीत. घंटा झाली की मुले वाकून पळतात आणि तो भाग कायम राहून जातो. कोरियन भाषेत जाणाऱ्याने राहणाऱ्याला एक निरोप द्यायचा आणि राहणाऱ्याने जाणाऱ्याला दुसरा, तर मित्रांमध्ये भेटताना आणि निघताना एकच ‘आन्न्यंग’ चालते. त्यामुळे ‘बाय’ दोघांनीही म्हणायचे, हे मुलांना लगेच जमते. जमत नाही ते ‘सी यू ऑन थर्सडे’, कारण त्यात पुढच्या तासाचा वार आठवावा लागतो. तो वार प्रत्येक मुलाने दारातून बाहेर पडताना एकेकट्याने सांगायचा, असा नियम करावा. तासानंतर सहसा छोटी सुट्टी असते, तेव्हा रांग थोडी लांबली तरी कोणाचा खोळंबा होत नाही.